आदल्या दिवशी धुतलेली गल्ली

४ सप्टेंबर, सोमवार

...दूध उतरवलं, चहाची भांडी विसळून पालथी घातली, उशांचे अभ्रे काढून भिजत टाकले. मग खिडकीची काच पुसली. हे मोरीत उभे राहून नखं घासत होते. मी म्हणाले, किती घासाल, काळं जाईल पण नखंही जातील. ते हसले की नाही ते मला दिसलं नाही, माझी पाठ होती. मग ते जिना उतरले, खाली शटर वर गेल्याचा आवाज आला आणि मी भाजी निवडायला बसले. त्याच दुपारी ते गेले.

अडीच वर्षं झाली, ही सकाळ मी उलटसुलट करून बघते. तिच्यात काहीच नाही. एखादी खूण असती तर तिला धरून रडता तरी आलं असतं.

आज ती पुन्हा आठवली, कारण खाली शटर वर गेलं आणि लगेच मुलगी जिना चढून आली. हातात कागद. पाणी विभागाची नोटीस आहे. गॅरेजच्या अंगणातलं तेल पावसाच्या पाण्याबरोबर रस्त्यावरच्या गटारात जातं आणि तिथून तळ्यात. ऑक्टोबर संपायच्या आत ते थांबवा, नाहीतर गॅरेज बंद करा.

मी म्हणाले, गटारातलं पाणी शुद्ध करायच्या कारखान्यात जात असेल ना. मुलगी म्हणाली, ते घरातलं, मोरीचं. रस्त्यावरचं गटार वेगळं, ते सरळ तळ्यात उघडतं. इतकी वर्षं या गल्लीत काढली आणि हे मला आज कळलं.

गॅरेज ह्यांनी उभं केलं, पण आता ते मुलीचं आहे. इंजिनाला कान लावून ती रोग सांगते, अगदी ह्यांच्यासारखी. ते बंद पडलं तर ती दुसऱ्याच्या हाताखाली पाने फिरवणार. तसं मी होऊ देणार नाही.

७ सप्टेंबर, गुरुवार

वाचनालयात गेले. तिथल्या टेबलावर विभागाची एक पुस्तिका होती: पावसाबरोबर वाहून जाणारी घाण कमी करण्यासाठी सार्वजनिक अनुदान. घरी आणून दोनदा वाचली. मला शाळा चौथीपर्यंतच. पुढचं सगळं वाचन ह्यांच्या सुट्या भागांना गुंडाळून येणाऱ्या वर्तमानपत्रांवर झालं. त्यामुळे बातमीचा शेवट फाटलेला असला तरी अंदाजाने पुरा करायची सवय आहे.

पुस्तिकेत शेवट होता, पण भाषा अशी की वाक्याच्या एका टोकाला बसलं की दुसऱ्या टोकाला कोण बसलंय ते दिसत नाही. तरी एवढं समजलं. आपल्याला दोन गोष्टी बांधायच्या. अंगणाच्या कडेला एक टाकी, तिच्यात तेल वर तरंगतं आणि अडतं. आणि गल्लीच्या उतारावर खडी-मातीचा, झाडं लावलेला चर, त्यातून पाणी मुरत मुरत जातं. दोन्हींचा खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा. अनुदान मिळालं तर काम तेच करून देतात. पण एकट्या गॅरेजला मिळत नाही, अर्ज सगळ्या गल्लीने करायचा. आणि देण्याआधी ते पावसात येऊन पाणी तपासतात, घाणीची सध्याची पातळी काय आहे ते बघायला.

मुलगी म्हणाली, गल्लीला एकत्र आणणं म्हणजे बेडकांची मोजणी. मी म्हणाले, मला वेळ आहे.

११ सप्टेंबर, सोमवार

चार दिवस घरोघर फिरले. सह्या झाल्या. समोरच्या काकूंनी सही करताना विचारलं, झाडं फुलांची असतील का. मी म्हणाले, असतील. फुलांचं मला माहीत नाही, पण सही तर झाली.

राहिला तो फक्त वरच्या टोकाचा लाँड्रीवाला. त्याला सगळे कांजी म्हणतात, कपडा आणि स्वभाव दोन्ही कडक म्हणून. ह्यांची आणि त्याची संध्याकाळची बैठक असायची, पण हे गेल्यापासून तो आमच्याकडे फिरकत नाही. म्हणाला, "वहिनी, सरकारला गल्लीत बोलवायचं म्हणजे पाहुण्याला कपाट उघडून दाखवायचं. मी नाही सही करणार."

मी त्याला म्हटलं, तुमच्याच साबणाचं पाणी जात असेल, म्हणून भीती वाटते. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाला, माझं पाणी आतल्या, मोरीच्या नळीत जातं, विचारा कुणालाही. कुणाला विचारायचं ते मात्र त्याने सांगितलं नाही.

विक्षिप्त माणूस आहे. मुलीचे गॅरेजचे कपडे त्याच्याकडे जातात, ते सगळ्यांच्या आधी धुऊन पाठवतो. डिझेलचा वास दुकानात नको असेल.

एखादी सही कमी असली तरी अर्ज चालतो. दिला.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

तपासनीस बाईंचा फोन आला. वयाने मुलीएवढीच असेल, आवाज गोड, मला मावशी म्हणाली. दहा-बारा दिवस कोरडे गेलेत, आता परवा पहाटे पाऊस सांगितलाय, तेव्हा त्या येणार. पाऊस सुरू झाल्याबरोबर जे पहिलं पाणी वाहतं ते गटाराच्या तोंडाशी बाटल्यांत धरायचं, अशी पद्धत आहे.

मी त्यांना सांगितलं, या, आमची तयारी असेल. त्या म्हणाल्या, तयारी काही लागत नाही. सगळे पाहुणे असंच म्हणतात.

१६ सप्टेंबर, शनिवार

हात दुखतायत, पण लिहून ठेवते, कारण अशी गल्ली मी कधी पाहिली नव्हती.

सकाळी घरोघर सांगून आले, उद्या बाई येणार, आपली लाज आपल्या हातात. दुपारी सगळे झाडू घेऊन बाहेर. भावोजींचे पाण्याचे टँकर आहेत. ते स्वतः एक घेऊन आले आणि वरच्या टोकापासून पाणी सोडलं. किराणावाल्याने दुकानाखालचा कित्येक वर्षांचा गाळ ओढून काढला. समोरच्या काकूंनी पायऱ्या घासल्या, मग शेजारच्यांच्याही घासल्या, कारण त्यांना त्यांचं घासणं पसंत नव्हतं. पोरं अनवाणी पाण्यात नाचत होती.

मी गॅरेजचं अंगण घेतलं. फरशीवर तेलाचे थर होते, काही तर ह्यांच्या वेळचे. धुण्याचा सोडा आणि साबणाची पूड टाकून ताठ ब्रशने घासलं. काळं पाणी जाळीतून खाली जाताना बघून इतकं बरं वाटलं. हेसुद्धा मोठं गिऱ्हाईक यायचं असलं की आदल्या दिवशी असंच अंगण धुवायचे. हे मुलीला सांगताना माझा आवाज चढला असणार, कारण मुलगी म्हणाली, "आई, मी ऐकते गं." मशिनांच्या आवाजाने ह्यांना कमी ऐकू यायचं. त्या अंगणात मी अजून त्यांच्या कानांच्या मापाने बोलते.

मुलगी काही मदतीला आली नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, पण उद्या पाणीच तपासायचंय ना? मी म्हणाले, म्हणून काय बाईला घाण दाखवायची? तिला गिऱ्हाइकाचा फोन आला, विषय तिथंच राहिला.

कांजी एकटा दुकानात इस्त्री करत बसला होता. टँकरचं पाणी दारावरून गेलं तेव्हा त्याने फक्त चपला उचलून आत घेतल्या.

संध्याकाळी गल्ली पुसलेल्या ताटासारखी दिसत होती. अनुदान मिळणार.

१७ सप्टेंबर, रविवार

पहाटे पाऊस आला आणि बाईही आल्या. गटाराचं तोंड तळ्याच्या काठाला आहे, तिथे आम्ही दोघी छत्र्या धरून उभ्या. पहिलं पाणी आलं. बाईंनी बाटली भरली, वर धरली, पुन्हा भरली, पुन्हा वर धरली. कपाळाला आठी घालून मला विचारलं, इथे नेहमी असंच असतं? मी म्हणाले, आमची गल्ली आहे, असंच असणार. अभिमान वाटला, खोटं का बोलू.

तळ्याच्या कोपऱ्यात पांढरा फेस साचला होता. पावसाच्या माऱ्याने झाला असेल.

१८ सप्टेंबर, सोमवार

तळ्यावर मासे मेले. काठाला पोट वर करून पडलेत, लहान आहेत तसेच हाताएवढेही आहेत. फेस अजून आहे. लोक जमले होते. तळ्याचा राखणदार डोक्याला हात लावून बसला होता.

बाई आल्या, पाणी घेतलं, म्हणाल्या, यात साबण आहे, बराच. साबण म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच दुकान आलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, आमच्या गल्लीत साबणाचा धंदा एकाचाच आहे आणि सही न करणाराही तोच. कुणीतरी हो म्हणालं, मग सगळेच म्हणायला लागले. बाईंनी लिहून घेतलं.

आपण एवढी गल्ली धुतली आणि या माणसाने एका दिवसात तळं मारलं. संताप येतो.

२३ सप्टेंबर, शनिवार

कांजीच्या दारावर नोटीस लागली. चौकशी पुरी होईपर्यंत धुणं बंद, फक्त इस्त्री. गल्लीने कपडे देणंही बंद केलं. मीही मुलीचे कपडे घरी भिजवले. तेल निघालं नाही.

दुकानावरून जाताना त्याने हाक मारली नाही. मीही मारली नाही. तो रिकाम्या टेबलावर इस्त्री फिरवत होता, खाली कपडा नव्हता. मला वाटलं, इस्त्रीचा तळ साफ करत असेल.

४ ऑक्टोबर, बुधवार

नकार आला.

पुन्हा पुन्हा वाचलं. पहिल्या पावसाच्या पाण्यात तेल आणि गाळ मर्यादेपेक्षा पुष्कळच कमी आढळले, त्यामुळे या गल्लीला अनुदानाची गरज दिसत नाही. ज्या ठिकाणी प्रदूषण जास्त आहे तिथे निधी वळवण्यात येत आहे. पण गॅरेजची नोटीस मात्र कायम, कारण ती उन्हाळ्यातल्या पाहणीवर काढली होती. अपील करायचं असेल तर एकोणीस तारखेला सुनावणी.

म्हणजे स्वच्छ राहिलो म्हणून शिक्षा. मी मुलीला म्हणाले, हा कसला न्याय. जी गल्ली घाणीत लोळते तिला बक्षीस आणि जिने हात दुखेपर्यंत घासलं तिला नकार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.  ती जेवली नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी मुलगी मला हात धरून तळ्याकडे घेऊन गेली. गटाराच्या तोंडातून काळं पाणी येत होतं, वर तेलाचे रंग. अंगण धुतल्यानंतरच्या काही दिवसांत सांडलेलंच तेल हे.

ती म्हणाली, "आई, त्या शनिवारी आपण अंगण धुतलं. ते पाणी गेलं कुठं?"



घरी आले. भांडी घासायला घेतली. साबणाचं पाणी मोरीत जाताना बघत उभी राहिले आणि नळ बंद करायचं विसरले.

७ ऑक्टोबर, शनिवार

मनात आलं म्हणून खरं मानायचं नाही, एवढं वाचनाने शिकवलंय. एकदा माझ्या डोळ्यांपुढे दुकान आलं होतं आणि त्यावरून मी एका माणसाचं नाव घेतलं होतं. या वेळी बघूनच ठरवायचं.

सकाळी, पाऊस नव्हता. गॅरेजात सांडलेलं तेल टिपायला लाकडाचा भुसा असतो. त्यातला कोरा मूठभर घेतला, अंगणातल्या जाळीत टाकला, वर दोन बादल्या पाणी ओतलं आणि तळ्यावर चालत गेले. मी पोचायच्या आधीच भुसा पोचला होता. पाण्यावर पिवळा पिवळा तरंगत होता.

मग लाँड्रीत गेले. उंबऱ्याबाहेर उभी राहिले. कांजी मान वर न करता म्हणाला, आज कोणता गुन्हा आणलात. मी म्हणाले, भाऊ, तुमच्या मोरीत काही टाकून बघायचंय, ते तळ्यात येतं का. त्याने इस्त्री उभी केली. मग म्हणाला, भुसा नको, नळी तुंबेल माझी. फळीवरून नीळ काढली, कपड्यांना देतात ती. पुडाच्या पुडा मोरीत उपडा केला आणि नळ सोडला.

"जा, बसा तळ्यावर. निळं दिसलं तर मला हाक मारा, मीच येऊन उडी टाकतो."

बसले. ऊन डोक्यावर आलं, राखणदाराने पाणी आणून दिलं, तरी बसले. गटाराच्या तोंडातून थेंब थेंब येत होता तो मातकट. निळं काही आलं नाही.

परत जाऊन त्याला सांगायचं होतं. त्याच्या दुकानापर्यंत गेले आणि पुढे गेले.  एरवी मला शब्दांची वानवा नसते.

मासे आम्ही मारले. मी जास्त. सोडा माझा, साबणाची पूड माझी, आणि वर सगळ्या गल्लीला झाडू घेऊन उभं मीच केलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरानेच बोट दाखवलं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

अपिलाचं विचारायला बाईंच्या कार्यालयात गेले. लांब खोली, भिंतीला लागून बाटल्यांच्या फळ्या, प्रत्येकीवर गल्लीचं नाव. आमची बाटली त्यांनी खाली काढून दाखवली. पाण्याच्या पेल्यासारखी स्वच्छ.

मी त्यांना सगळं सांगितलं. टँकर, सोडा, भुसा, नीळ. त्यांचा चेहरा उतरला. दार लोटून घेतलं आणि हळू म्हणाल्या, मावशी, हे तुम्ही सुनावणीत सांगितलंत तर दोन गोष्टी होतील. रस्त्याच्या गटारात साबण आणि तेल सोडणं हा गुन्हाच आहे, गॅरेज तिथल्या तिथे बंद होऊ शकतं. आणि नमुना मुद्दाम बिघडवला असंही कुणी म्हणेल. त्यापेक्षा अपिलात एवढंच लिहा की आदल्या रात्री हलकी सर येऊन गेली होती. मग धरलेलं पाणी पहिलं ठरत नाही, नमुना आपोआप रद्द होतो, मी पुन्हा येते.

मी म्हणाले, आदल्या रात्री सर आली नव्हती. त्या म्हणाल्या, कोण बघायला होतं.

लाँड्रीवाल्याचं काय, हे विचारलं. त्याची चौकशी काही महिन्यांत पुराव्याअभावी बंद होईल, म्हणाल्या. तोंडाने नीट बोलत होत्या, पण पेनचं टोपण लावत होत्या, काढत होत्या. कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी त्याची नोटीस काढली ते आम्हा दोघींना माहीत होतं. नळी तपासली होती का, हे मी विचारलं नाही.

पोरगी वाईट नाही. तिने मला वाट दाखवली. वाट सोपी आहे.

१५ ऑक्टोबर, रविवार

भावोजी आले. सगळं ऐकून म्हणाले, वहिनी, सर आली होती असं लिहा, आणि पुढच्या वेळी बाई यायच्या आदल्या दिवशी मी जुन्या ऑइलचा डबा जाळीत ओततो, नमुना असा काळाकुट्ट येईल की दोन गल्ल्यांना पुरेल एवढं अनुदान देतील. मी म्हणाले, भावोजी, तुमचा टँकर आणि माझा सोडा मिळून जे झालं तेवढं पुरे. ते हसले. मग माझ्याकडे बघून थांबले.

ते गेल्यावर मुलगी बोलली. तिला खोटं बोलायचं नाही, पण गॅरेज हवंय. दोन्ही हवंय असं तोंडाने म्हणता येत नाही म्हणून चिडते. म्हणाली, कांजीकाकांना आपण खासगीत सांगू, माफी मागू, गल्लीत सांगू की त्यांचा दोष नाही. कार्यालयाला कशाला सांगायचं?

मी म्हणाले, दारावर नोटीस कार्यालयाने लावली आहे. गल्लीच्या सांगण्याने ती निघत नाही.

"तू तुझं मन मोकळं करशील आणि गॅरेज माझं जाईल."

हे तिने शांतपणे म्हटलं. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती खाली गेली आणि मला बराच वेळ हातोडीचा आवाज येत होता. रविवारी काम नसतं.

हे असते तर काय म्हणाले असते, ते मी ठरवून बघत नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्याला हवं ते घालणं फार सोपं असतं. आणि सर आली होती म्हणून लिहिलं, बाई पुन्हा आल्या, तर आदल्या दिवशी काकू पुन्हा पायऱ्या घासणार. त्यांना कुणी सांगितलेलंच नसेल की घासलेलं जातं कुठं. दर पावसाआधी आम्ही तळ्याला एकदा मारू आणि ताटासारख्या गल्लीकडे बघून खूष होऊ.

मला गॅरेज वाचवायचंय. पण दुसऱ्याच्या दारावरच्या कागदाने नाही.

१८ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि उद्या काय सांगणार ते सांगितलं. किराणावाला म्हणाला, आमची नावं घेऊ नका. मी म्हणाले, माझं एकटीचं घेते, सोडा माझा होता. काकू रडायला लागल्या. म्हणाल्या, मी तर पायऱ्या घासल्या, मासे कसे मारले. मी भुशाचं दाखवलं, सगळ्यांना तळ्यापर्यंत चालवत नेऊन. 

कांजी आला नव्हता. मी त्याच्या दुकानात गेले. या वेळी पुढे गेले नाही. म्हणाले, भाऊ, मी तुमच्यावर खोटं घातलं. उद्या तिथे सांगणार आहे, तुम्ही यावं. तो म्हणाला, दुकान बंद ठेवून यावं लागेल. मग स्वतःच रिकाम्या टेबलाकडे बघून म्हणाला, तसं बंद ठेवायला फार काही नाही.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

काल लिहायची ताकद नव्हती.

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गासारखी, तिघेजण टेबलामागे, आम्ही बाकांवर. कांजी मागच्या बाकावर, पांढरा सदरा, घडीची रेघ सुरीसारखी. मुलगी माझ्या शेजारी बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

माझं नाव पुकारलं. अध्यक्षांनी विचारलं, अपिलाचं कारण काय, पावसाबद्दल काही म्हणायचंय का. बाईंनी त्यांना आधीच काही सांगून ठेवलं असावं, कारण ते लिहायला पेन धरून थांबले होते. मी म्हणाले, नाही. पाऊस वेळेवर आला. आदल्या दिवशी आम्ही गल्ली धुतली.

मग सगळं सांगितलं. माझा आवाज मोठा झाला, तिथे मशीन नव्हतं तरी. लाँड्रीचं पाणी तळ्यात जात नाही, त्या माणसाचं नाव मी न बघता घेतलं, त्याची नोटीस काढा, हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा लिहिलेलं दिसलं नाही. एकाने विचारलं, आजी, पाणी तपासायला येणार हे माहीत असून का धुतलंत? मी म्हणाले, पाहुणे येणार म्हणून. तिघंही एकमेकांकडे बघायला लागले. टेबलाच्या टोकाला बसलेला हसला, मग खोकला.

तेवढ्यात बाई भिंतीपासून पुढे आल्या आणि म्हणाल्या, लाँड्रीची नळी मी तपासायला हवी होती, तपासली नाही. मला त्यांचं कौतुक वाटलं. नोकरीतल्या माणसाला हे बोलणं माझ्यापेक्षा जड.

अध्यक्षांनी कांजीला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय? तो उठून म्हणाला, "महिन्याभरापूर्वी कळलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी सांगितलं, हे लिहून घ्या."

निर्णय असा. लाँड्रीची नोटीस आजपासून रद्द. पहिला नमुना रद्द, पुढच्या कोरड्या आठवड्यानंतरच्या पावसात नवा घ्यायचा, अनुदान मिळेलच असं नाही. तोवर गॅरेज बंद, दंड वेगळा. आणि नमुना घेईपर्यंत गल्लीत पाण्याने काहीही धुवायचं नाही, जसं आहे तसं राहू द्यायचं.

बाहेर आल्यावर कांजी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने घरी गेला.  घरी येऊन मुलीने शटर खाली ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. किल्ली गरम होती, तिने वाटभर मुठीत धरली होती.

पाऊस रविवारचा सांगितलाय. आज सकाळी समोरच्या काकू सवयीने बादली आणि झाडू घेऊन खाली उतरल्या, मागोमाग किराणावाला नळी घेऊन. मी गॅरेजच्या दाराशी स्टूल टाकून दिवसभर बसले आणि कुणालाही गल्ली धुऊ दिली नाही.